दसऱ्याला सॉफ्टवेअर चालू करू नका : गावाकडे बिझनेस सॉफ्टवेअरचं काम घेणाऱ्या नवख्या पोरापोरींसाठी

माझं पहिलं मोठं काम एका जिनिंगचं होतं, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करणाऱ्या कारखान्याचं. मालकाची हौस अशी, का दसऱ्याला वजनकाट्याची पूजा होतेच तं त्याच मुहूर्तावर कॉम्प्युटरलाही नारळ फोडायचा. मी नुकताच कॉलेजातून निघालेलो, मला तं ते लय भारी वाटलं, हार घातलेला मॉनिटर, पेढे, फोटो. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन रोडपर्यंत गेली अन माझ्या प्रोग्रामनं एका गाडीच्या रिकाम्या वजनातून दुसऱ्याच गाडीचं भरलेलं वजन वजा केलं. काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) आलं उणे अकरा क्विंटल. शेतकरी पट्टी हातात धरून मला म्हणे, "भाऊ, म्हंजे आता मीच तुमाले कापूस देनं लागतो काय?" सगळे हसले, मी सोडून. मुनीमजींनी एक शब्द न बोलता गादीखालून जुनं पट्टीबुक काढलं, कार्बन लावला अन काम सुरू. दुपारपर्यंत लाईन साफ. माझा दुसरा हप्ता अजून यायचा आहे.

त्यानंतर जिनिंग, कृषी केंद्र, दालमिल, एकदोन पतसंस्था अशी कामं केली, काही जमली, काही बुडाली. बुडाली त्यातलं एकही काम कोड येत नव्हता म्हणून बुडालं नाही. कुठं भलत्या दिवशी चालू केलं, कुठं भलत्याच माणसाला विचारलं, कुठं मागं फिरायची वाटच ठेवली नव्हती. चुका तं होणारच आहेत बाप्पा, फक्त त्या लहान असताना अन रिकाम्या महिन्यात होऊन जायला पायजे, त्यासाठीच हे खालचं सगळं.

पायरी १ : आधी धंद्याचं कॅलेंडर

काम हातात आलं का लॅपटॉप उघडायच्या आधी त्या धंद्याचा हंगाम कागदावर लिहा. जिनिंगला दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. कृषी केंद्राचा सगळा जीव मे ते जुलैत, बियाणं, खत, मंग फवारणीची औषधं, अन हरभऱ्याच्या वेळेला पुन्हा एक उसळी. दालमिलची धावपळ नवी तूर यायला लागली का सुरू. वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा व्यापारी असला तं आंबिया बहार वेगळा अन मृग बहार वेगळा, त्याचे हंगामच दोन. पतसंस्थेला ३१ मार्च. आता हंगाम सुरू व्हायच्या दोन महिने मागं या, ती तुमची शेवटची तारीख, त्याच्यानंतर काहीच नवीन चालू करायचं नाही. मालक म्हणणार, "तवा तं धंदाच नसते, चालू करून काय करतं?" आपल्याला नेमकं तेच पायजे असते.

हे फक्त आपल्याकडचंच दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेतली हर्षी, चॉकलेटवाली, एवढी मोठी कंपनी. त्यांनी १९९९ साली ऑर्डर, स्टॉक, डिलिव्हरी सगळं सांभाळणारी नवी सिस्टम आणली, खर्च ११२ दशलक्ष डॉलरच्या आसपास. काम होतं चार वर्षांचं, ते अडीच वर्षांत दाबलं, अन चालू कधी केलं तं जुलैत, म्हणजे ऑक्टोबरच्या हॅलोविनच्या तोंडावर, जेव्हा तिकडे चॉकलेटचा सगळ्यात मोठा हंगाम असते. झालं काय, गोडाऊनात माल पडून होता अन ऑर्डरी निघता निघेना. त्यांचा दसरा असाच गेला. त्यांच्याकडे पैसा होता म्हणून सावरले, आपला गिऱ्हाईक एका हंगामात झोपते.

अन एक गोष्ट, तारीख सरकली तं पंधरा दिवसांनी पुढं ढकलू नका, अख्खा हंगाम पुढं ढकला. जुलै अखेरपर्यंत जिनिंगचं झालं नाही ना, तं सरळ सांगायचं, आता एप्रिलात. लय कडू वाटते बोलायला, पण पेरणीची वेळ निघून गेल्यावर बी टाकून काय उगवते ते आपल्या बापानं दाखवलेलं असतेच की.

पायरी २ : मालक चहा पाजते, माहिती मुनीमजीजवळ असते

मालक तुम्हाला सांगीन, "आपला हिशोब एकदम सोपा आहे, आवक, जावक, चुकारा, बस." (चुकारा म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे मालाचे पैसे.) ते लिहून घ्या अन विसरून जा. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन काट्याच्या खोलीत स्टूल टाकून बसा, तीन दिवस. काही विचारू नका, फक्त पहा. मग दिसते का गाडी येते मुलाच्या नावानं, सातबारा बापाच्या नावानं, अन पैसे पायजे सुनेच्या खात्यात. दिसते का ओलावा जास्त निघाला तं कटती (वजनातली कपात) किती लावायची हे मशीन ठरवत नाही, शेतकरी जुना आहे का नवा त्यावर मुनीमजी ठरवते. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते ती कोणत्या गाडीतून कापायची यावर अर्धा तास हुज्जत होते. यातलं एकही मालकानं सांगितलं नव्हतं, लपवायचं म्हणून नाही, त्याला माहीतच नसते, वीस वर्षं दुसरं माणूसच ते निस्तरून राहिलं असते.

माप हा तं वेगळाच खड्डा आहे. कापूस क्विंटलनं घेतात, गाठ १७० किलोची बांधतात, अन रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव बोलतात खंडीवर, जी ३५६ किलोची. एकाच धंद्यात तीन मापं, अन प्रत्येक ठिकाणी कुठंतरी भागाकार. मी आता काय करतो, सिस्टममध्येच एक साधी चौकी बसवतो: एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी अन थोडी घट. उतारा यापेक्षा लय वरखाली दाखवला का स्क्रीन लाल झाली पायजे. एवढ्या एका चौकीनं माझ्या जेवढ्या चुका पकडल्या तेवढ्या कोणत्याच टेस्टिंगनं पकडल्या नाहीत.

मुनीमजीला विचारायचा प्रश्न एकच, "मागच्या साली काय काय बिघडलं होतं?" काय पायजे असं विचारलं तं तो म्हणते काहीच नाही, तुम्ही त्याच्या नोकरीवर आले असं त्याला वाटते अन त्यात त्याचं काही चुकत नाही. बिघडलेलं विचारलं का माणूस तासभर बोलते. अन पहिल्याच दिवशी मालकासमोर बोलून घ्या का हे आल्यावर मुनीमजी राहणार का जाणार. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकू नका, कारण ज्याची खुर्ची हालून राहिली तो माणूस तुमची सिस्टम चालू देणार नाही, अन तुम्हाला कळणारही नाही कशी बंद पडली.

पायरी ३ : "एवढं तं करून द्या ना भाऊ"

या वाक्यानं जेवढी कामं बुडतात तेवढी व्हायरसनं बुडत नाहीत. आधी काटापट्टी ठरली, मग म्हणे त्यातच मजुरांची हजेरी टाका, मग डिझेलचा हिशोब, मग साळ्याच्या कृषी केंद्राचं बिलिंगही त्यातच बसवून द्या. प्रत्येक वेळी आपण हो म्हणतो कारण गावात तोंड दाखवायचं असते.

उपाय साधा आहे. एका कागदावर तीन रकाने पाडा: या हंगामात, पुढच्या हंगामात, आपण करत नाही. जे नवीन निघीन ते कोणत्या ना कोणत्या रकान्यात मालकाच्या समोर, त्याच्याच हातानं लिहायला लावा. पहिल्या रकान्यात एक नवीन टाकायचं तं त्यातलं एक जुनं दुसऱ्यात गेलं पायजे, वेळ तं रबर नाही. संध्याकाळी त्या कागदाचा फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर टाका अन खाली लिहा, "आज ठरलं ते असं, काही वेगळं असन तं उद्यापर्यंत सांगा." भांडण व्हायच्या दिवशी हाच फोटो कामाला येते, वकील नाही.

उलटी चूकही होते. तयार सॉफ्टवेअर घ्यायचं अन मग ते आपल्या प्रत्येक सवयीप्रमाणे वाकवत बसायचं. जर्मनीतल्या लिडल या दुकानांच्या साखळीनं २०११ पासून सॅप या कंपनीच्या तयार सॉफ्टवेअरवर नवी सिस्टम उभी करायला घेतली, अन २०१८ मध्ये काम गुंडाळलं, तोवर सुमारे ५०० दशलक्ष युरो गेल्याचं बातम्यांत आलं. कारणांमधलं एक असं सांगतात का ते स्टॉकची किंमत खरेदीभावानं धरत अन ती सिस्टम मुळातून विक्रीभावानं धरत होती, अन कंपनी आपली पद्धत सोडायला तयार नव्हती. म्हणून प्रत्येक सवयीला विचारा, हा धंद्याचा कणा आहे का नुसती खोड आहे? उचल कापायची पद्धत हा कणा, ती सॉफ्टवेअरला शिकवावी लागते. बिलावर देवाचं नाव डाव्या कोपऱ्यातच पायजे, ही खोड. पण खरं सांगू का, देवाच्या नावावर वाद घालू नका, पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

पायरी ४ : धोक्याची वही

मोठ्या कंपन्यांत याला रिस्क रजिस्टर म्हणतात, रंगीबेरंगी एक्सेल असते. आपल्याला शंभर पानी वही बस. प्रत्येक धोक्यापुढं चार गोष्टी: काय होऊ शकते, ते आपल्याला सगळ्यात आधी कशावरून कळन, झालं तं पहिल्या तासात काय करायचं, अन ते कोण करन. टक्केवारी-बिक्केवारी लिहू नका, ती आपण मनानंच लिहितो. "झालं तं धंदा थांबते" अन "झालं तं नुसती डोकेदुखी" एवढे दोन ढीग पुरतात.

धोके सुचत नसतील तं एक युक्ती आहे, गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ती प्रीमॉर्टम नावानं मांडलेली आहे. मेल्यावर पोस्टमॉर्टम करतात, हे आधीच. सगळ्यांना बसवायचं, मालक, मुनीमजी, काट्यावरचा पोरगा, हमालांचा एक माणूस, अन म्हणायचं, "समजा दिवाळी झाली, सॉफ्टवेअर बंद पडलं, भाऊ पळून गेला. काय झालं असन?" एरवी "काही अडचण येईन का" विचारलं तं सगळे मान हालवतात, नाही नाही म्हणतात. पण बुडालंच असं धरून विचारलं का प्रत्येकाला काहीतरी सुचते. एका दालमिलमध्ये हमाल म्हणाला, "पोत्यावरचं स्टिकर निघून जाते ना, चाळणीजवळ धूळ किती असते." आम्ही अख्खा स्टॉक त्या बारकोडच्या स्टिकरवर उभा केला होता. त्या दिवशी तो हमाल नसता बोलला तं... जाऊ द्या.

माझ्या वहीतल्या नेहमीच्या ओळी सांगतो: काट्याची अन कॉम्प्युटरची केबल उंदरानं कुरतडली. कापसाच्या धुळीनं प्रिंटर गरम होऊन बंद. लाईट गेली तेव्हा एंट्री अर्धी होती. ऑपरेटर पोरगी लग्न करून गेली अन पासवर्ड घेऊन गेली. मालकाच्या दोन भावांची वाटणी झाली. हसू नका, शेवटचं माझ्याच एका कामात झालं, एका कंपनीच्या दोन कंपन्या ऐन जानेवारीत.

पायरी ५ : जुना डाटा, इथं घाई केली तं मेले

सगळ्यात कमी वेळ लोक याला देतात अन सगळ्यात जास्त वेळ हेच खाते. जुनी नावं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, नवीन सिस्टम युनिकोडवर, कॉपी केलं का स्क्रीनवर नुसत्या किड्या-मुंग्या. कन्व्हर्टर मिळतात पण रफार, जोडाक्षर, "र्‍या" अशा ठिकाणी ते मार खातात, म्हणून बदललेल्या यादीवर एकदा माणसाची नजर फिरलीच पायजे. मग एकच शेतकरी विठ्ठल, विठल, विठ्ठलराव, व्ही. अशा चार नावांनी चार खात्यांत. अन उलटही, एकाच गावात एकाच नावाचे तिघं, त्यांना जुन्या वहीत "विहिरीवाला", "मास्तरचा" असं लिहून ओळखतात. ही टोपणनावं फेकू नका, नवीन सिस्टममध्ये त्यासाठी वेगळा रकाना ठेवा, बाकी काही नाही तं मुनीमजी खूश होते.

माझी पद्धत अशी. डाटा दोनदा आणायचा. पहिल्यांदा नुसता सरावाला, काय काय तुटते ते पहायला. दुसऱ्यांदा खरा, तेव्हा तीन बेरजा जुळल्या पायजे: खात्यांची संख्या, उधारीची एकूण रक्कम, गोडाऊनातला माल. अन गोडाऊनातला म्हणजे वहीतला नाही, स्वतः जाऊन पोती मोजून. एकदा आमची सिस्टम दाखवत होती दोनशे क्विंटल सरकी, अन मुनीमजी म्हणे, "भाऊ, गोडाऊनात तं झाडू मारून राहिले ना आता." जुन्या वहीतच विक्री चढवायची राहिली होती, पण नाव कोणाचं झालं? सॉफ्टवेअरचं. म्हणून जुळलेल्या बेरजेच्या प्रिंटवर मुनीमजीची सही घ्या, तारखेसकट.

आधारकार्डाचे फोटो, बँक पासबुकं अशी कागदं स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवत बसू नका. डाटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे, अन कायदा सोडा, शेतकऱ्याचा कागद तुमच्या फोनमधून कुठं गेला तं गावात राहणं कठीण होईन.

पायरी ६ : लाईट, नेट अन बॅकअप

इथं थोडक्यात. जिथं लाईट दिवसातून चारदा जाते तिथं फक्त इंटरनेटवर चालणारी सिस्टम काट्यावर बसवू नका. काट्याची एंट्री लोकल मशीनवर झाली पायजे, नेट आलं का वर चढली पायजे. प्रत्येक वजन घेतल्या घेतल्या सेव्ह, शेवटी एकदम सेव्ह करायचं बटण नको. यूपीएसची बॅटरी हंगामाच्या आधी तपासा, पुरी वायर काढून, खरोखर किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून. थर्मल प्रिंटची पट्टी उन्हात चार दिवसांत पांढरी होते, शेतकऱ्याच्या खिशात तं घामानं त्याच्याही आधी, चुकाऱ्याच्या भांडणाला ती कामाची नाही, तिथं डॉट मॅट्रिक्सच ठेवा, आवाज करते तं करू द्या.

बॅकअपची गोष्ट मात्र नीट ऐका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत, जिच्यावर जगभरातले प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, एका थकलेल्या इंजिनिअरनं भलत्याच सर्व्हरवरचा डाटा उडवला, सुमारे ३०० जीबी. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेवर एकही धड निघाली नाही. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, अन तो फेल होऊन राहिला हे सांगणाऱ्या ईमेलही परत जाऊन राहिल्या होत्या, कोणाला दिसतच नव्हत्या. नशिबानं सहा तासांपूर्वीची एक कॉपी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली होती, त्यावर ते उभे राहिले. आता त्यांची ही गत, तं आपल्या जिनिंगच्या पेनड्राइव्हची काय सांगावी, जो कॉम्प्युटरलाच खोचलेला असते अन वीज पडली का दोघंही सोबत जातात.

तं महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, दुसऱ्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून दाखवायचा, कालच्या तारखेची शेवटची पट्टी त्यात दिसली पायजे. उघडून पाहिलेला बॅकअप तोच बॅकअप. एक कॉपी मशीनवर, एक मालकाच्या घरी, एक नेटवर.

पायरी ७ : कर अन कायदा, दर कोडमध्ये लिहू नका

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हापासून जो कोणी दर कोडमध्ये ठोकून बसला तो रडला. ताजं उदाहरण २२ सप्टेंबर २०२५. १२ टक्क्यांचा टप्पा जवळपास गेलाच, ट्रॅक्टर, ठिबकचा सामान, सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ वर आले, अन रासायनिक कीटकनाशकं राहिली १८ वरच. एका रात्रीत. ज्या कृषी केंद्रात दर टेबलमध्ये तारखेसकट होता त्यांनी रात्री बारा वाजता नुसत्या नवीन ओळी टाकल्या. जिथं दर एकच ठेवला होता तिथं नवीन टाकला का जुनी बिलंही नवीन दरानं दिसायला लागली, अन परतीचा माल आला का गोंधळ. म्हणून "या तारखेपासून या तारखेपर्यंत हा दर" असंच ठेवायचं.

जिनिंगवाल्यांसाठी आणखी एक, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर कर शेतकरी भरत नाही, घेणारा नोंदणीकृत व्यापारी भरते, रिव्हर्स चार्ज म्हणतात ते, १५ नोव्हेंबर २०१७ पासून. हे माहीत नसलेल्या पोरानं बनवलेलं खरेदी बिल मी स्वतः पाहिलं आहे, शेतकऱ्याच्या नावानं जीएसटी नंबरचा रकाना, अन तो भरल्याशिवाय सेव्हच होत नव्हतं.

ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) मर्यादा २०२० साली ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली अन उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. तुमचा गिऱ्हाईक आज त्याच्या खाली असन, उद्या कापसाला भाव आला तं वर जाईन, वहीत लिहून ठेवा. अन शेतकरी उत्पादक कंपनीचं काम घेतलं तं लक्षात असू द्या, ती कंपनी कायद्याखालची कंपनी असते, तिच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं लागते अन ती नोंद बंद करता आली नाही पायजे. "साहेब, मागच्या तारखेची ती एंट्री हळूच बदलून द्या ना" याला उत्तर देणं त्यामुळं सोपं जाते. या सगळ्यात शेवटचा शब्द सीएचा, तुमचा नाही, बिलाचे नमुने त्याच्याकडून पास करून घ्या.

पायरी ८ : आधी उगवण पहा

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असलं का आपण काय करतो, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, सत्तर उगवले तं पेरायचं, कमी निघाले तं बियाणं वाढवायचं नाही तं बदलायचं. सॉफ्टवेअरला एवढीही परीक्षा न घेता लोक सरळ पेरतात अन मग दुबार पेरणी.

तुमचे शंभर दाणे म्हणजे मागच्या हंगामातल्या शंभर खऱ्या पट्ट्या. सोप्या निवडू नका, मुनीमजीलाच सांगा, "तुमच्या डोक्याला ताप झाला होता त्या द्या." त्या नवीन सिस्टममध्ये टाकून पैशापर्यंत जुन्या चुकाऱ्याशी जुळवायच्या. मी सत्तरवर नाही थांबत, पैशाच्या कामात शंभरच्या शंभर जुळल्या पायजे, अन जी नाही जुळत तिथं आधी पहा, जुनीच तं चुकलेली नाही ना. माझ्या अनुभवात शंभरात एखाददोन जुन्याच चुकीच्या निघतात, तेव्हा मालकासमोर बोंबलू नका, मुनीमजीला बाजूला घेऊन दाखवा. त्या दिवसापासून तो तुमचा माणूस.

मग दोन्ही सोबत चालवायचं, वही अन सॉफ्टवेअर, रोज संध्याकाळी बेरीज जुळवायची. किती दिवस? एक पूर्ण फेरा होईपर्यंत, माल आला, गेला, पैसे दिले, महिना बंद केला, हे सगळं दोन्हीकडे एकदा झालं पायजे. लोक चार दिवसांत कंटाळतात, डबल काम कोणाला आवडते. म्हणून हे एकाच काट्यावर, एकाच काउंटरवर करा, सगळीकडे नाही.

पायरी ९ : चालू करायचा दिवस

सोमवार नको, बाजाराचा दिवस नको, अमावस्या मालकालाच नको असते. चालू करायच्या आठ दिवस आधीपासून कोडला हात लावायचा नाही, कितीही छोटी दुरुस्ती असो, ती वहीत लिहा. मागं फिरायचं कधी हे आधीच ठरवा अन कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: सलग तीन पट्ट्या चुकल्या, किंवा वीस मिनिटं सिस्टम बंद, तं लगेच जुनं पट्टीबुक. कोणाला विचारायचं नाही, काट्यावरचा पोरगाच ठरवन. हे आधी नाही ठरवलं ना तं तुम्ही घामाघूम होऊन "दोनच मिनिटं, दोनच मिनिटं" करत राहता अन बाहेर शंभर गाड्या उभ्या. नंबर टाकलेली छापील पट्टीबुकं, कार्बन, दोन पेन, टेबलाच्या त्याच खणात. माझ्या पहिल्या कामात ती निघाली ती मुनीमजींच्या शहाणपणानं, माझ्या नाही.

पहिले दहा दिवस तुम्ही तिथंच. फोनवर नाही, तिथंच, स्टूलवर.

पायरी १० : पैसे, अन तुम्ही स्वतः

अर्धे आधी अर्धे नंतर असं घेऊ नका, "नंतर" म्हणजे पुढच्या साली. चार हप्ते करा अन प्रत्येकाला एक डोळ्यानं दिसणारी गोष्ट बांधा: लिहिलेला कागद पास झाला, जुन्या डाटाची बेरीज जुळली, शंभर पट्ट्या जुळल्या, पहिला महिना बंद झाला. यानं पैसे तं येतातच, पण मालकाचं कामातून मन उडालं असलं तं तेही पहिल्या-दुसऱ्या हप्त्यालाच कळते.

काम मागं पडलं का मित्राला सोबत घ्यायचा मोह होते. आयबीएममध्ये मोठं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं का उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली का उशीर आणखी वाढते, कारण नव्याला समजावण्यात जुन्याचा वेळ जाते. मित्र घ्यायचाच असन तं पहिल्या महिन्यात घ्या. अन घ्याच, कारण सगळं काम एकट्याच्या डोक्यात असणं हा गिऱ्हाईकाच्या वहीतला पहिला धोका असते, तुम्हाला गाडीवरून पडायला एक गाय रस्त्यावर आली तरी बस. पासवर्ड, कोड, सर्व्हरची माहिती बंद पाकिटात मालकाच्या कपाटात, वर तारीख.

बुडायची लक्षणं मी अशी ओळखतो. मालक फोन मुनीमजीकडे द्यायला लागला. तीन आठवडे लागोपाठ तुम्ही "नव्वद टक्के झालं" म्हणून राहिले. दोन्ही सोबत चालवायचं ठरलं होतं अन संध्याकाळी बेरीज कोणी जुळवूनच नाही राहिलं. काट्यावरचा पोरगा वजन आधी हातावर लिहिते अन मग कॉम्प्युटरमध्ये टाकते. यातलं एक दिसलं तं जाऊन बसायचं अन विचारायचं, दोन दिसले तं काम थांबवून तीन रकान्यांचा कागद पुन्हा काढायचा, पहिला रकाना अर्धा करायचा. अन तरीही नाही जमलं तं स्वतःहून सांगायचं का या हंगामात होत नाही, घेतलेल्यातले इतके परत. मी एकदाच असं केलं, हात थरथरत होते. तो मालक दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात परत आला, वखरणी चालू होती तेव्हा, म्हणे, "आता येळ आहे, आता करू."

होळी झाली, फरतडही (हंगामानंतर ठेवलेला कापूस) आटपली, का वही घेऊन मुनीमजीकडे एक चक्कर मारा. कोणता धोका खरा निघाला, कोणता उगाच लिहिला, अन कोणता लिहिलाच नव्हता, तेवढ्यावर खुणा करून घ्या. मागच्या साली आमच्या वहीत नव्हतं ते असं निघालं का काट्याच्या खोलीत चिमणीनं यूपीएसच्या मागं घरटं केलं होतं अन काट्यावरच्या पोरानं पिल्लं उडेपर्यंत यूपीएस चालूच नव्हता केला.